कुरुंद्याचा कॉम्प्युटर, पुण्यातला मोबाइल: एसएसएच लॉगिनची स्क्रिप्ट कशी लिहायची

कॉम्प्युटर कुरुंद्यात आणि तुम्ही पुण्यात. तिकडून फोन येतो, "अरे, कालच्या स्कॅनचं फोल्डरच दिसत नाही." मग फोनवरूनच सुरू होतं: डावीकडं बघ, वर काय लिहिलंय, नको नको ते दाबू नको, स्क्रीनचा फोटो पाठव. अर्धा तास गेला की कळतं, फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर होतं. हे फक्त वसमत तालुक्यातलं नाही. गावाकडून शिकायला किंवा नोकरीला बाहेर पडलेला कुठलाही पोरगा घरच्यांसाठी कायमचा 'कॉम्प्युटरवाला' असतो.

अशा वेळी बहुतेकांना एनीडेस्कसारखं ॲप आठवतं. ॲप वाईट नाही, पण त्याची सवय धोक्याची आहे. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९ मध्ये याच ॲपबद्दल बँकांना सावध केलं होतं. फसवणारा माणूस फोन करून ॲप टाकायला लावतो, त्यात आलेला नऊ आकडी कोड विचारून घेतो आणि पुढं तुमच्या मोबाइलवरून यूपीआयचे व्यवहार करतो. दुकानात बसलेल्या माणसाला "कुणी कोड मागितला तर सांग" अशी सवय आपणच लावली, तर उद्या दुसऱ्या कुणी मागितल्यावरही तो सांगणारच.

दुसरा रस्ता आहे एसएसएच, म्हणजे सिक्युअर शेल. यात स्क्रीन दिसत नाही, माऊस हलत नाही. तुम्ही अक्षरं टाइप करता, तिकडच्या कॉम्प्युटरवर कमांड चालते आणि उत्तर अक्षरांतच परत येतं. दिसायला रुक्ष, पण गावाकडच्या नेटला हेच झेपतं. स्क्रीनचं चित्र पाठवायला जेवढा डेटा लागतो, त्याच्या मानानं अक्षरांना काहीच लागत नाही. एका काडीवर आलेल्या नेटवरसुद्धा काम होतं. आणि हे काही जुगाडू लोकांचं खेळणं नाही. पुण्याच्या आयसरमधल्या 'परम ब्रह्म' या सुपरकॉम्प्युटरवर काम करणारे संशोधकही एसएसएचनंच आत जातात.

माझ्या मावसभावाचं कुरुंद्यात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. नव्या कॉम्प्युटरवर विंडोज आहे, त्यावर फॉर्म भरले जातात. जुन्यावर मी उबंटू टाकून दिलंय आणि दिवसभराच्या स्कॅनची प्रत रात्री आपोआप त्यावर जाते. त्यात काय असतं? आधार कार्डं, बँकेची पासबुकं, सातबारे, पीक विम्याच्या पावत्या. खरिपाच्या विम्याची शेवटची तारीख जवळ आली की लाईन दुकानाबाहेर जाते आणि तेव्हाच नेमका हा जुना डबा अडून बसतो. त्यामुळं मला पुण्यातून आत शिरता यायला हवं. पण फक्त मलाच. कारण ते कागद माझे नाहीत, भावाचेही नाहीत, गावातल्या लोकांचे आहेत. पुढची प्रत्येक पायरी वाचताना एवढं डोक्यात ठेवा.

दारावरचा राखणदार

कॉम्प्युटरमध्ये बाहेरून लॉगिन व्हायचं तर आत एक प्रोग्राम सतत जागा लागतो. त्याचं नाव एसएसएचडी. शेवटचा 'डी' म्हणजे डीमन, पडद्यामागं चालणारा प्रोग्राम. तो २२ नंबरच्या पोर्टवर कान लावून बसतो. कुणी दार वाजवलं की ओळख विचारतो, पटली तर आत घेतो.

हा २२ नंबर कुठून आला, त्याची गोष्ट छोटी आहे पण मला आवडते. १९९५ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरणारा प्रोग्राम बसवला. तेव्हा दूरच्या कॉम्प्युटरवर जायला टेलनेट वापरत, आणि टेलनेट पासवर्ड उघडाच पाठवतं. पोस्टकार्डावर एटीएमचा पिन लिहावा तसं. तिथल्याच टाटू इलोनेन यांनी मग सगळं बोलणं एन्क्रिप्ट करणारा प्रोग्राम लिहिला. फाइल पाठवणाऱ्या एफटीपीचा पोर्ट २१, टेलनेटचा २३. या दोघांची जागा घ्यायची म्हणून त्यांनी मधला रिकामा २२ मागितला आणि तो मिळाला. आज आपण जे वापरतो ते ओपनएसएसएच. ओपनबीएसडीच्या लोकांनी ते १९९९ मध्ये काढलं आणि ते फुकट आहे. विंडोज १० मध्येही २०१८ नंतर त्याचा सर्व्हर जोडता येतो.

पासवर्ड नको, किल्ली हवी

राखणदाराला ओळख पटवायचे दोन मुख्य प्रकार आहेत. पासवर्ड सांगा किंवा किल्ली दाखवा. इंटरनेटवर उघड्या असलेल्या मशीनचा २२ नंबर खुला ठेवून बघा. थोड्याच वेळात लॉगमध्ये अनोळखी पत्ते दिसायला लागतात: रूट, ॲडमिन, टेस्ट, उबंटू अशी नावं आणि पाठोपाठ पासवर्डांचा मारा. माणसं नसतात ती, स्क्रिप्टच असतात. दुकानाचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन असा पासवर्ड असेल तर तो टिकणार नाही.

किल्लीचा प्रकार वेगळा आहे. एसएसएच-कीजेन ही कमांड दिली की दोन फाइल तयार होतात. एक पब्लिक, एक प्रायव्हेट. पब्लिक म्हणजे कुलूप समजा. ते कुणालाही द्या, कुठल्याही दाराला लावा. प्रायव्हेट म्हणजे त्या कुलपाची एकुलती एक किल्ली, ती तुमच्या मोबाइलमधून बाहेर पडत नाही. अगदी लॉगिन करतानाही नाही. तुमचा मोबाइल त्या वेळच्या बोलण्यावर किल्लीनं सही करतो आणि तिकडचा कॉम्प्युटर कुलपाच्या मदतीनं सही खरी का ते तपासतो. मध्ये कुणी ऐकत बसला तरी त्याच्या हाती पुन्हा वापरण्यासारखं काही लागत नाही.

अँड्रॉइडवर यासाठी टर्मक्स हे ॲप टाका, त्यात ओपनएसएसएच मागवा आणि ईडी२५५१९ प्रकारची जोडी तयार करा. पासफ्रेज विचारेल, तो द्याच, म्हणजे मोबाइल दुसऱ्याच्या हातात गेला तरी किल्ली लगेच चालणार नाही. प्रायव्हेट फाइल व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवून ठेवायची कल्पना सुचली तर ती तिथंच सोडा. पाठवायचीच असेल तर पब्लिक पाठवा, तिच्या नावाच्या शेवटी पब असतं.

स्क्रिप्ट कशासाठी?

चार कमांड तर आहेत, हातानं देता येतील की. खरंय. पण सहा महिन्यांनी हार्ड डिस्क जाते, नवी बसवावी लागते, आणि मागच्या वेळी काय-काय केलं होतं ते आठवत नाही. त्यातली एक कमांड राहिली तरी दार उघडं राहतं. स्क्रिप्ट म्हणजे त्याच कमांड एका फाइलमध्ये, त्याच क्रमानं. भाऊ पेनड्राइव्ह लावून स्वतःसुद्धा चालवू शकतो.

या लेखात कमांडची नावं देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची, हे वेगळं सांगायला नको.

फाइलच्या पहिल्या ओळीत ही बॅश स्क्रिप्ट आहे असं सांगायचं आणि दुसरीत 'सेट वजा ई'. या दुसऱ्या ओळीमुळं एखादी कमांड फसली की स्क्रिप्ट तिथंच थांबते. ती नसेल तर किल्ली बसवणं फसलं तरी स्क्रिप्ट पुढं जाऊन पासवर्ड बंद करून टाकेल, आणि मग कुणालाच आत जाता येणार नाही, ना चोराला ना तुम्हाला.

त्यानंतर एपीटीनं ओपनएसएसएच-सर्व्हर मागवायचं. मग लॉगिनसाठी एक वेगळा युजर. माझा युजर भावाच्या युजरपेक्षा वेगळा आहे. कोण कधी आत आलं ते लॉगमध्ये कळावं म्हणून. त्या युजरच्या घरात 'डॉट एसएसएच' नावाचं फोल्डर करायचं, त्याची परवानगी ७००, आणि आत 'ऑथोराइज्ड कीज' ही फाइल, तिची ६००. म्हणजे मालकाशिवाय कुणी वाचू-लिहू शकत नाही. फोल्डर आणि फाइलची मालकीही त्याच युजरला द्यायची. हे आकडे सैल ठेवले तर राखणदार किल्ली खरी असूनही नाकारतो आणि कारण नीट सांगत नाही. किल्ली चालत नाही म्हणून जे डोकं धरून बसतात, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचं दुखणं इथं असतं.

फाइलमध्ये पब्लिक किल्लीची ओळ घालताना आधी ग्रेपनं बघायचं, ती ओळ आहे का. नसेल तरच घालायची. स्क्रिप्ट दहा वेळा चालवली तरी निकाल एकच यायला हवा. चांगल्या स्क्रिप्टची माझ्या मते हीच खूण.

आता नियम. मूळ कॉन्फिग फाइलला हात न लावता तिच्या शेजारच्या 'डॉट डी' फोल्डरमध्ये आपली छोटी फाइल ठेवायची. तिच्यात तीन गोष्टी: पासवर्डनं लॉगिन नाही, रूटला थेट प्रवेश नाही, आणि आत येऊ शकणाऱ्या युजरची नावं. इथं एक गंमत आहे. आपल्याला वाटतं, शेवटी लिहिलेलं चालेल. एसएसएचडीचं उलटं आहे. एखाद्या गोष्टीबद्दल पहिल्यांदा जे वाचलं तेच तो धरतो. उबंटूच्या काही इन्स्टॉलेशनमध्ये ५० आकड्यानं सुरू होणारी एक फाइल आधीच असते आणि ती पासवर्ड चालू ठेवायला सांगते. तुमची फाइल ९९ नंबरची असेल तर तिचं कुणी ऐकणार नाही. म्हणून नाव १० नं सुरू करा. शेवटी कोणते नियम लागू झाले ते एसएसएचडीला मोठ्या टी चा पर्याय दिला की तो स्वतः सांगतो. स्क्रिप्टमध्ये मी त्याचं उत्तर तपासतो आणि पासवर्ड अजून चालू दिसला तर लाल अक्षरांत ओरडायला लावतो.

छोट्या टी चा पर्याय कॉन्फिगमध्ये चूक आहे का ते बघतो. ही तपासणी पास झाल्यावरच सर्व्हिस रीलोड करायची. फायरवॉलचंही असंच: आधी दुकानाच्या नेटवर्कला २२ साठी परवानगी, मग यूएफडब्ल्यू चालू. उलट केलं तर दुरून काम करणारा स्वतःच बाहेर पडू शकतो.

आणि हे सगळं चालवून झालं तरी चालू असलेली विंडो बंद करू नका. दुसरी उघडा, तिच्यातून किल्लीनं लॉगिन करून बघा. जमलं, की मग पहिली मिटवा.

पहिल्यांदा जोडताना मोबाइल विचारतो, हा कॉम्प्युटर ओळखीचा नाही, पुढं जाऊ का? खाली फिंगरप्रिंट म्हणून अक्षरांची लांबलचक ओळ असते. सगळे न वाचता 'येस' लिहितात. तसं करू नका. भावाला फोन लावा, दुकानातल्या स्क्रीनवर तीच ओळ काढायला सांगा आणि निदान पहिली-शेवटची सात-आठ अक्षरं जुळवा. पुढं कधी अचानक "ओळख बदलली आहे" असा मोठा इशारा आला आणि तिकडं कुणी सिस्टिम नव्यानं टाकलेली नसेल, तर तिथंच थांबा.

दार उघडलं, पण रस्ताच नाही

वाय-फायवर सगळं चालतं. पुण्यात आल्यावर मात्र काहीच जोडलं जात नाही. स्क्रिप्ट चुकली असं वाटतं, पण अडचण पत्त्याची असते.

आयपीव्ही४ प्रकारचे पत्ते जगात सगळे मिळून सुमारे ४३० कोटी. मोबाइलच त्याहून जास्त आहेत. म्हणून नेट देणाऱ्या कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात. याला सीजीनॅट म्हणतात. एका मोठ्या वाड्यात शंभर बिऱ्हाडं आणि पाटीवर एकच घरनंबर, तसं. आतून कुणीही पत्र पाठवू शकतो, त्याचं उत्तरही बरोबर येतं. पण बाहेरून कुणी नव्यानं पत्र टाकलं तर ते कोणत्या बिऱ्हाडाचं, पोस्टमनला कळत नाही. तुमच्या राउटरच्या स्टेटस पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यामध्ये सुरू होत असेल तर तुम्ही अशाच वाड्यात राहता. हा पट्टा २०१२ पासून याच कामासाठी राखून ठेवला आहे. मोबाइल नेटवर तर पोर्ट फॉरवर्डिंगचे यूट्यूब व्हिडिओ बघण्यात वेळ घालवू नका.

मग उपाय काय, तर उलटं करायचं. बाहेरून आत येता येत नाही, पण आतून बाहेर जाता येतं ना? महिन्याला काही शे रुपयांत इंटरनेटवर एक छोटा सर्व्हर भाड्यानं मिळतो, त्याला स्वतःचा सार्वजनिक पत्ता असतो. कुरुंद्याचा कॉम्प्युटर स्वतःहून त्या सर्व्हरला एसएसएचनं जोडतो आणि लाईन चालू ठेवतो. जोडताना सांगतो, "तुझ्याकडच्या २२२२ वर कुणी आलं तर या लाईनीतून माझ्या २२ वर पाठव." याला रिव्हर्स टनेल म्हणतात. मी पुण्यातून आधी भाड्याच्या सर्व्हरवर आणि तिथून टनेलमधून दुकानात. मोबाइलमधल्या कॉन्फिग फाइलमध्ये प्रॉक्सीजंप एकदा लिहून ठेवलं की दोन्ही उड्या एका शब्दात होतात. ज्यांना भाडं नको त्यांनी टेलस्केलसारखी तयार सोय बघावी, ती पटकन उभी राहते. मला टनेल आवडतो कारण त्यातला प्रत्येक खिळा मी ठोकलेला असतो.

भाड्याच्या सर्व्हरवर २२२२ हा पोर्ट आपोआप फक्त आतल्या बाजूनं उघडतो, जगाला दिसत नाही. कुणी "गेटवे पोर्ट्स चालू करा" असा सल्ला दिला तर मानू नका. आणि दुकानातला कॉम्प्युटर चोरीला गेला तर? त्यातली टनेलची किल्ली चोराला मिळेल. म्हणून त्या किल्लीसाठी सर्व्हरवर वेगळा युजर करायचा, त्याचं शेल बंद ठेवायचं आणि ऑथोराइज्ड कीजमधल्या ओळीच्या सुरुवातीला 'रिस्ट्रिक्ट' लिहून फक्त पोर्ट फॉरवर्डिंगची मुभा द्यायची. त्या किल्लीनं आत येऊन एकही कमांड देता येत नाही.

आता लाईट. कुरुंद्यात ती जाणार हे धरूनच चालायचं. बायोसमध्ये एक सेटिंग असतं, वीज परत आली की कॉम्प्युटर आपोआप चालू व्हावा म्हणून. ते आधी लावा, नाहीतर पुढचं सगळं व्यर्थ. टनेल सिस्टमडीची सर्व्हिस म्हणून लिहा. तुटला की ३० सेकंदांनी पुन्हा प्रयत्न, कायम. राउटर चालू व्हायला दोन मिनिटं लागली तरी बिघडत नाही.

याहून चिवट प्रकार म्हणजे अर्धमेली लाईन. नेट गेलं, पण दोन्ही टोकांना अजून कळलेलंच नाही. दुकानाच्या बाजूनं दर ३० सेकंदांनी हाक मारायला लावा आणि तीन हाकांना उत्तर नाही आलं तर लाईन तोडायला सांगा. म्हणजे दीडेक मिनिटात निकाल. तीच सोय भाड्याच्या सर्व्हरवरही हवी. नाहीतर मेलेली जुनी लाईन २२२२ अडवून बसते, नवी येते पण तिला पोर्ट मिळत नाही, आणि ती बिनकामाची तशीच जोडलेली राहते. त्यासाठी 'एक्झिट ऑन फॉरवर्ड फेल्युअर' हा पर्याय 'येस' ठेवा. पोर्ट नाही मिळाला तर ती स्वतः तुटते आणि पुन्हा प्रयत्न करते.

कॉम्प्युटर कुणाचा?

सराव करायचा तर दुसऱ्याच्या मशीनवर नको. घरातले दोन मोबाइल एकाच वाय-फायवर घ्या. एकात टर्मक्समध्ये एसएसएचडी चालू करा, तिथं त्याचा पोर्ट ८०२२ असतो, आणि दुसऱ्यातून आत जा. शाळेच्या लॅबमधला किंवा ओळखीच्या दुकानातला कॉम्प्युटर न विचारता असा उघडून ठेवला, तर माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. "चोरलं काही नाही, फक्त बघितलं" हे उत्तर तिथं चालत नाही.

भावाशी माझं आधीच ठरलंय. आत जायच्या आधी त्याला फोन करायचा. त्यानं "हो" म्हटलं की मगच. आणि त्या मशीनवर एक दुसरी छोटी स्क्रिप्ट रोज रात्री चालते, काम पूर्ण झालेल्या फोल्डरमधले ३० दिवसांपेक्षा जुने स्कॅन पुसून टाकते. डबा गेला तरी त्यात गावाचे कागद कमीत कमी असावेत म्हणून. कितीही चांगल्या कुलपापेक्षा मला याचा जास्त भरवसा वाटतो.

राहिला मोबाइल हरवण्याचा प्रश्न. किल्ली त्यातच, आणि मी पुण्यात. त्यासाठी मुख्य स्क्रिप्टला एक जास्तीचा शब्द दिला आहे, 'काढ'. भावानं दुकानात बसून तो शब्द लावून स्क्रिप्ट चालवली की माझी ओळ ऑथोराइज्ड कीजमधून जाते आणि माझी चालू लॉगिनही तुटतात. भाड्याच्या सर्व्हरवरची ओळ मी लॅपटॉपमधल्या दुसऱ्या किल्लीनं काढतो. ही कमांड त्यानं झेरॉक्स मशीनच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवली आहे आणि गणपतीच्या सुट्टीत दोनदा चालवून बघितली. दुसऱ्यांदा मी आत होतो, बोलता-बोलता बाहेर फेकला गेलो.